घाटावरून अर्धा तास

नवलाख उंबरे हे अंदर मावळातलं, नावातच नऊ लाख उंबरे घेऊन बसलेलं गाव. भाताची कापणी उरकली की खाचरं मोकळी होतात आणि संध्याकाळी बांधावर उभं राहिलं तर दक्षिणेकडचं आकाश दूरवर दिसतं. तिथे एक दिवा हळूहळू खाली येत जातो, मागून दुसरा. लोहगावला उतरणारी विमानं. गावात कुणी मान वर करून बघत नाही, इतकी ती सवयीची झाली आहेत. मला मात्र ती दिसली की मुंबई-पुणे या प्रवासाचा सगळा इतिहास आठवतो, कारण त्या इतिहासाचा मधला आणि सगळ्यांत अवघड तुकडा मावळात घडला आहे.

आधी अंतर सांगतो. मुंबईचं सांताक्रूझ आणि पुण्याचं लोहगाव या दोन विमानतळांमध्ये सरळ रेषेत सुमारे १२४ किलोमीटर. नकाशावर फुटपट्टी ठेवून रेघ ओढली तर ती पनवेलजवळून निघते, राजमाचीच्या माथ्याच्या आसपास सह्याद्री ओलांडते, कामशेतजवळ मावळात उतरते आणि वडगाव, तळेगाव, देहूरोड यांना जवळजवळ चाटून पुण्याकडे जाते. म्हणजे कामशेतपासून पुढे विमानाची सरळ रेघ, रेल्वेचे रूळ, जुना महामार्ग आणि अडीचशे वर्षांपूर्वीची बैलांची वाट या सगळ्या एकाच पट्ट्यात येतात. उंबरे त्या पट्ट्याच्या उत्तरेला, दहाएक किलोमीटरवर.

आणि उंची? सांताक्रूझची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम अकरा मीटर वर, लोहगावची जवळपास ५९० मीटर. विमानात बसलेल्या माणसाला हे जाणवत नाही, पण तोही घाटच चढत असतो. या दोन शहरांमधला वेळ किलोमीटरनी कधीच ठरवला नाही. तो ठरवला या पावणेसहाशे मीटरच्या भिंतीने, आणि भिंत जिंकून झाल्यावर दोन्ही टोकांच्या गर्दीने.

भिंत किती खरी होती हे इंग्रजांना १७७८ च्या हिवाळ्यात कळलं. पेशवाईवर हक्क सांगणाऱ्या रघुनाथरावाला पुण्याच्या गादीवर बसवायचं असा मुंबईकर इंग्रजांचा बेत होता. नोव्हेंबरात फौज निघाली. लढणारी माणसं चार हजारांच्या आत, पण सामान वाहायला एकोणीस हजार बैल. पनवेलहून बोरघाट चढून ही फौज डिसेंबरअखेर खंडाळ्याच्या पठारावर आली. तोफा चढवायच्या तर वाट रुंद करावी लागे, दगड फोडावे लागत, बैल थकले की दुसरे जुंपावे लागत. घाट चढून झाल्यावर तरी वेग यावा, तर तोही नाही. पुढचा रस्ता साफ केल्याशिवाय आणि मागचं सामान पोहोचल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, अशी चाल. खंडाळा ते तळेगाव हे अंतर आज लोकल गाडीतला माणूस डुलकी काढतो न काढतो तोच संपतं. त्या फौजेची दिवसाची मजल सरासरी मैलभराच्या आसपास होती.

मराठ्यांनी नेमका हाच वेळ वापरला. नाना फडणवीस पुण्यात, महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके मैदानात. समोरासमोरची मोठी लढाई त्यांनी टाळली. बाजूच्या डोंगरांतून तोफांचे गोळे टाकायचे, रसद कापायची, वाटेतला दाणागोटा नाहीसा करायचा. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट मारला गेला. त्याच्या धाडसामुळे मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ असं नाव ठेवलं होतं. शत्रूच्या शौर्याला दाद देण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. ९ जानेवारीला फौज तळेगावात पोहोचली तेव्हा समोर जळालेलं गाव होतं. पुढे चिंचवड आणि वेळ पडली तर खुद्द पुणंही जाळायची तयारी झाली होती. पुणं तिथून सोळा-अठरा मैलांवर. पण खायला काही नाही आणि मागची वाट बंद होत चाललेली. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामानाला आग लावली आणि माघार घेतली. वडगावला त्यांना गराडा पडला आणि तिथेच त्यांना तह करावा लागला.

मुंबईहून निघून दीड महिन्यांहून अधिक काळ चाललेली फौज पुण्याला पोहोचलीच नाही. दोनच वर्षांनी जनरल गॉडार्ड पुन्हा बोरघाटात आला आणि त्यालाही १७८१ च्या उन्हाळ्यात परत फिरावं लागलं. घाटाने पुणं वाचवलं असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. घाटाने शत्रूचा वेळ खाल्ला, आणि तो कसा वापरायचा हे मराठ्यांना ठाऊक होतं.

पेशवाई गेल्यावर मुंबईचे गव्हर्नर पुण्याचे धनी झाले आणि हाच घाट त्यांना आपल्या राज्याच्या मधोमध अडसर वाटू लागला. सर जॉन माल्कम याने बोरघाटात चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता बांधून घेतला, तो १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. दख्खनचा कापूस बैलांच्या पाठीवरून उतरून गाडीत बसला. रेल्वे मात्र लगेच घाटाला भिडू शकली नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत रूळ आले आणि १८५८ च्या जून महिन्यात पुणे ते खंडाळा गाडी सुरू झाली. घाटाखाली रेल्वे, घाटावर रेल्वे, मध्ये घाट तसाच. पुढची पाच वर्षं प्रवासी खोपोलीला गाडीतून उतरत, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा डब्यात बसत. दोन आगगाड्यांच्या मध्ये माणसांच्या खांद्यावरची पालखी! पालखी वाहणारी ही माणसं वेळापत्रकात कुठे छापली गेली नाहीत, पण त्या पाच वर्षांत मुंबई-पुणे प्रवासाचा वेळ त्यांच्या दमावर ठरत होता.

घाटातला लोहमार्ग जेम्स बर्कली या इंजिनिअरच्या आखणीतून उभा राहिला. काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झालं. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या चढात अठराशेहून अधिक फुटांची उंची गाठायची, त्यासाठी पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल. चढ सदतीसाला एक इतका तीव्र. एका कड्यापाशी गाडीला वळायला जागाच नव्हती, तिथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढायचा अशी युक्ती करावी लागली. पहिला ठेकेदार फेव्हिएल १८५९ मध्ये काम सोडून गेला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच आजाराने मेला. मग ठेका त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, स्वतःकडे घेतला आणि अनुभवी इंजिनिअर नेमून तडीस नेला. १८६१ च्या सुमारास घाटात एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसं राबत होती. पटकी, ताप, सुरुंग, कोसळणाऱ्या दरडी यांत किती गेली याचा इतिहासकारांचा अंदाज पंचवीस हजारांच्या घरात जातो. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर याने घाटमार्गाचं उद्घाटन केलं. मुंबई आणि पुणे एका दिवसाच्या आत आली. किंमत कुणी चुकती केली ते त्या आकड्यात आहे.

१९२९ मध्ये या मार्गावर विजेचं इंजिन आलं आणि १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ धावली. मुंबई ते पुणे पावणेतीन तास. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली तेव्हा मुंबईच्या आकाशात हौशी वैमानिक घिरट्या घालू लागले होते. जुहूच्या किनाऱ्यालगत १९२८ मध्ये धावपट्टी झाली होती. धावपट्टी कसली, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली कडक झालेली माती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका इंजिनाच्या ‘पस मॉथ’ विमानाने जुहूला उतरले आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेला. लंडनहून कराचीपर्यंत येणारं टपाल दक्षिण भारतात पोहोचवणारी ही सेवा. विमानात एकच वैमानिक आणि टपालाच्या थैल्या. रेडिओ नाही. खाली दिसणारी नदी, रूळ, डोंगराचा ओळखीचा आकार, मनगटावरचं घड्याळ आणि होकायंत्र, एवढ्यावर वाट शोधायची.

मुंबईहून बेल्लारीकडे जायचं म्हणजे निघाल्यावर लगेच सह्याद्री आडवा. आठ महिने तो सोपा असतो. पण पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेला ओला वारा कड्याला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि कड्यावरच ढग होऊन बसतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून साठेक किलोमीटरवरच्या पुण्यात सातशेच्या आसपास, यावरून त्या ढगांनी आपलं ओझं कुठे उतरवलं हे समजावं. मावळातल्या माणसाला आषाढात समोरचा बांध दिसत नाही. त्याच धुक्यात, त्याच उंचीवर, ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने येणाऱ्या वैमानिकाला डोंगर दिसला तर तो फार उशिरा दिसतो.

पहिल्याच पावसाळ्यात टाटांच्या सेवेला घाटाच्या आधी जुहूनेच अडवलं. पाऊस लागला तशी ती धावपट्टी पाण्याखाली गेली. मग दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक असा सगळा संसार उचलून पुण्याला आणला गेला. येरवड्याला, तुरुंगाच्या अगदी सावलीत, एका मोकळ्या मैदानाचा त्यांनी विमानतळ केला. जेआरडी पुढे आयुष्यभर ही आठवण आनंदाने सांगत. भारतातल्या पहिल्या नियमित भारतीय विमानसेवेला पावसाळ्यात आसरा दिला तो पुण्याने, कारण घाटाने आधीच बराचसा पाऊस पिऊन टाकलेला असे. ज्या सह्याद्रीच्या भीतीने वैमानिक धास्तावत, त्याच्याच आडोशाला त्यांची धावपट्टी कोरडी राहिली.

सरकारच्या हवाई खात्याने १९३३-३४ च्या अहवालात या सेवेचं खास कौतुक केलं. पावसाळ्यात पश्चिम घाटाच्या टप्प्यावर धोका वाढूनही मुंबई किंवा मद्रासचं टपाल कराचीला एकदाही चुकलं नाही, मद्रासलाही एकदा उशिरा पोहोचलं नाही, अशी त्यात नोंद आहे. अहवालातल्या कोरड्या भाषेत पश्चिम घाटाचं नाव यावं, याचं मला अप्रूप आहे. कराचीपासून मद्रासपर्यंतच्या सगळ्या वाटेत सरकारी कारकुनालाही हाच तुकडा वेगळा नोंदवावासा वाटला.

एक छोटा हिशेब करू. ‘पस मॉथ’ ताशी साधारण १६० किलोमीटर उडे. जुहू ते येरवडा सरळ गेलं तर सव्वाशे किलोमीटर. म्हणजे पाऊण तासाचं उड्डाण. ‘डेक्कन क्वीन’च्या पावणेतीन तासांपुढे हा पाऊण तास जादूसारखा होता.

पुण्याचं खरं विमानतळ जन्माला आलं ते प्रवाशांसाठी नव्हे. १९३९ मध्ये, महायुद्धाच्या तोंडावर, मुंबई बंदराला हवाई संरक्षण मिळावं म्हणून लोहगावचा तळ उभारला गेला. इथे पुन्हा तीच १२४ किलोमीटरची रेघ दिसते: समुद्रावरून शत्रू आला तर घाटामागच्या कोरड्या पठारावरून लढाऊ विमान काही मिनिटांत मुंबईवर पोहोचावं. युद्धकाळात तिथून ब्रिटिश हवाईदलाची बॉम्बफेकी आणि लढाऊ विमानं उडाली. १९४७ मध्ये तळ भारतीय हवाईदलाकडे आला आणि तो आजही हवाईदलाचाच आहे. १९९७ मध्ये सुखोई-३० विमानं देशात सर्वप्रथम इथेच दाखल झाली. पुणेकर प्रवासी या धावपट्टीवर ऐंशी वर्षं पाहुणा आहे. हवाईदलाच्या वेळा आधी, प्रवासी विमानांच्या नंतर. पुण्याच्या विमानप्रवासातल्या कितीतरी अडचणींचं मूळ १९३९ च्या त्या निर्णयात आहे, आणि देशाच्या गरजेपुढे तो निर्णय चुकीचा होता असं कुणाला म्हणता यायचं नाही.

सांताक्रूझ स्वातंत्र्यानंतर मुंबईचं मुख्य नागरी विमानतळ झालं. १९५३ मध्ये आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली आणि पुण्याच्या वाट्याला येणाऱ्या विमानसेवेची सूत्रं तिच्याकडे गेली. मुंबई-पुणे विमानाचा प्रवासी वेगळा होता. साध्या कामाला जाणारा माणूस ‘डेक्कन क्वीन’ने जाई, डब्यातली ओळखीची मंडळी आणि कटलेट-चहा सोडून विमानात बसायचं त्याला कारणच नव्हतं. विमान घेई तो सांताक्रूझला परदेशाचं किंवा दिल्ली-कलकत्त्याचं विमान गाठणारा. त्याच्यासाठी पुणे-मुंबई हा मोठ्या प्रवासाचा पहिला किंवा शेवटचा अर्धा तास होता.

या अर्ध्या तासात चूक झाली तर काय होतं, हे सह्याद्रीने दोनदा दाखवलं.

पहिली घटना या मार्गावरची नाही, पण याच डोंगररांगेतली आहे आणि तिचं मूळ अंतर आणि वेळ यांच्या गणितात आहे. अलिटालिया कंपनीचं डीसी-८ जेट सिडनीहून रोमला निघालं होतं. बँकॉकनंतरचा थांबा मुंबई. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात, पावसाळी अंधारात, ते मुंबईकडे उतरू लागलं. वैमानिकाच्या हिशेबाप्रमाणे मुंबई जवळ आली होती. प्रत्यक्षात ती अजून ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर होती आणि विमानाखाली जुन्नरचे डोंगर होते. सुमारे ३६०० फुटांवर ते डोंगराला धडकलं. ९४ माणसं होती, एकही वाचलं नाही. चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा: मार्ग मोजण्यात चूक झाली, त्यामुळे आपण मुक्कामाच्या जवळ आहोत असा वैमानिकाचा समज झाला आणि त्याने वेळेआधी उंची सोडली, किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही आणि खालच्या मुलखाची ओळख नव्हती.

जेट ताशी आठशे किलोमीटरने जातं. म्हणजे ऐंशी किलोमीटर म्हणजे सहा मिनिटं. वारा अंगावरचा होता की पाठीमागचा, जमिनीवरचा वेग खरोखर किती भरला, शेवटची खूण नेमकी कधी ओलांडली, यांत थोडं इकडेतिकडे झालं की सहा मिनिटं हरवतात. सपाट मुलखात अशी चूक झाली तर विमान विमानतळापासून लांब, पण हवेतच सापडेल. इथे त्या सहा मिनिटांच्या खाली सह्याद्री उभा असतो. पूर्वेकडून मुंबईला उतरणाऱ्या प्रत्येक विमानाला शेवटचा कडा मागे पडेपर्यंत उंची जपावी लागते आणि कडा संपताच थोड्या अंतरात ती झपाट्याने सोडावी लागते. १७७८ च्या बैलांना जी पायरी चढताना दम लागला, तीच उतरताना जेटलाही तोल सांभाळावा लागतो.

दुसरी घटना थेट याच मार्गावरची. ४ ऑगस्ट १९७९. इंडियन एअरलाइन्सचं एचएस-७४८ पुण्याहून मुंबईला निघालं. या बनावटीची विमानं कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात जुळवली जात; दोन पंख्यांचं, आखूड धावपट्टीवरून उडणारं, छोट्या पल्ल्याला योग्य असं ते विमान. श्रावणातला पाऊस, ढग डोंगरांवर टेकलेले. मुंबई काही मिनिटांवर राहिली असताना ते पनवेलजवळच्या डोंगरात कोसळलं. विमानातली सगळी ४५ माणसं गेली. लोहगाव-सांताक्रूझ रेघेवर पनवेल हा जवळजवळ शेवटचा टप्पा. घाट ओलांडून झाला, कोकण लागलं, आता समुद्राची खाडी दिसणार, आणि तिथे घाटापासून सुटून पुढे आलेले डोंगर उभे असतात. माथेरान, प्रबळगड, कर्नाळा ही त्यांचीच नावं. गिर्यारोहकाला ती प्रिय आहेत. ढगात शिरलेल्या विमानाला ती दिसत नाहीत.

आज हा धोका फार कमी झाला आहे. रडार आहे, खालच्या जमिनीची उंची सांगणारं आणि वेळीच ओरडून बजावणारं यंत्र आहे, उतरण्याची ठरलेली वाट आहे. पण ती वाट सरळ नाही, आणि इथेच या कहाणीला वळण लागतं.

सांताक्रूझची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम. वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो, म्हणून विमानं समुद्राच्या दिशेने उडतात. पुण्याला निघालेलं विमान आधी पुण्याकडे पाठ करून अरबी समुद्रावर जातं, तिथे वळसा घेतं आणि मग पूर्वेला लागतं. उडण्याआधी देशातल्या सगळ्यांत गजबजलेल्या धावपट्ट्यांपैकी एकीवर रांगेत उभं राहतं. घाट ओलांडेपर्यंत ते जेमतेम उंची गाठतं आणि लगेच उतरायला लागतं. पुण्याला हवाईदलाचा सराव चालू असेल तर घिरट्या. हवेतला प्रवास अर्ध्या तासाचा, पण वेळापत्रकात जवळपास तासभर छापावा लागतो. १९३३ मधल्या ‘पस मॉथ’चा आपण काढलेला पाऊण तास आठवावा. पाच पट वेगाचं जेट नव्वद वर्षांनी त्याच्या मागे पडलं आहे! आणि ‘डेक्कन क्वीन’ला १९३० मध्ये पावणेतीन तास लागत, तिला आज तीन तासांहून जास्त लागतात. रूळ आणि आकाश दोन्ही भरून गेले.

मुंबई-पुणे विमानसेवेची खरी कसोटी मात्र एका रस्त्याने घेतली. कळंबोली ते देहूरोड हा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा द्रुतगती मार्ग टप्प्याटप्प्याने खुला होऊन २००२ मध्ये पूर्ण झाला. मोटारीला घाटासकट अडीच तास पुरू लागले. मग माणूस हिशेब करू लागला: घरून विमानतळ गाठायला एक तास, विमानाच्या आधी दीड तास हजर, छापील एक तास, सामान, पुन्हा शहरातली वाहतूक. विमानाने जो वेळ घाटावर वाचवला तो दोन्ही शहरांनी दरवाजात परत घेतला. या मार्गावरची विमानं कधी बंद पडली, कधी पुन्हा सुरू झाली, आणि अजूनही त्यांत बसणारा मुख्यतः पुढचं विमान गाठणाराच असतो, इंडियन एअरलाइन्सच्या काळात होता तसाच.

या सगळ्यात मावळ कुठे होता? रेघेच्या खाली. तळेगाव-नवलाख उंबरे पट्ट्यात औद्योगिक वसाहत आली, भातखाचरांच्या शेजारी मोटारींचे आणि यंत्रांचे कारखाने उभे राहिले. लोहगाव अपुरं पडू लागल्यावर पुण्यासाठी नव्या विमानतळाची जागा शोधताना बोट बराच काळ शेजारच्या चाकण-खेडच्या बाजूला होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, बोट सरकलं आणि २०१६ मध्ये पुरंदरवर थांबलं. आता तिथल्या पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी या सात गावांतली माणसं आपल्या अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागांसाठी उभी आहेत. मी त्यांच्या बाजूने बोलतो आहे हे लपवणार नाही. घाटातल्या बोगद्यांपासून आजपर्यंत, प्रवाशाचा वेळ वाचवण्यासाठी मधल्या माणसाचं काय गेलं हा हिशेब नेहमी शेवटी मांडला गेला, तोही कुणी मागितला तर.

उंबऱ्याच्या माणसाला मुंबईला विमानाने जायचं झालं, तर त्याला आधी मुंबईकडे पाठ करून लोहगावला जावं लागतं. सांताक्रूझहून उडालेलं विमान समुद्राकडे जातं तसाच हा. तो तसं करत नाही. तळेगावला येऊन गाडी धरतो. पण परदेशी शिकायला निघालेली मुलं आता इथूनही आहेत, आणि त्यांच्यासाठी नकाशा पुन्हा बदलतो आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. ते पनवेलच्या शेजारी, लोहगावपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे. मावळातून ते गाठायचं तर विमान नकोच, घाट उतरायचा. बॅगा टपावर बांधून पहाटे उंबऱ्याहून निघालेली जीप तळेगावजवळ द्रुतगती मार्गाला लागते, कामशेत, कार्ला मागे टाकते, खंडाळ्याच्या बोगद्यातून बोरघाटात शिरते आणि धुक्यात दिवे लावून सावकाश खाली उतरते. समोर पनवेल, १७७८ च्या डिसेंबरात जिथून ते एकोणीस हजार बैल वर यायला निघाले होते.